आठ ठिकाणांची यादी आणि चार वर्षांची लेक

पत्र : आम्ही ठाण्यात राहतो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात निघून दहा दिवस इटलीला जायचं ठरतंय. मी, नवरा, सव्वाचार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. नवऱ्याने नऊ रात्रींसाठी यादी केली आहे : रोम, पॉम्पेई, फ्लोरेन्स, पिसा, चिंक्वे तेर्रे, व्हेनिस, मिलान आणि लेक कोमो. फ्लोरेन्सपासून पुढे गाडी भाड्याने घेऊ, असंही तो म्हणतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना अंडंही चालत नाही. नातेवाईक म्हणतात, एवढ्याशा पोरीला काय आठवणार, तिला माहेरी ठेवून जा. मला स्वतःला कॉलेजात असल्यापासून फ्लोरेन्सची उफीझी गॅलरी पाहायची आहे, पण या सगळ्यात ते बोलायलाही अपराधी वाटतं. काय करू?
– गोंधळलेली आई, ठाणे

नमस्कार,

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या इच्छेपासूनच सुरुवात करते, कारण ती तुम्ही सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू आवाजात लिहिली आहे. उफीझी पाहायची आहे हे घरात सांगून टाका. जेवणाच्या टेबलावर, सासूबाईंच्या देखत. ती गॅलरी सोमवारी बंद असते. इतर दिवशी सकाळी सव्वाआठला उघडते. त्या पहिल्या वेळेचं एकच तिकीट काढा, तुमच्या एकटीचं. बोत्तिचेल्लीच्या चित्रांसमोर हवं तेवढं थांबता यावं म्हणून तीन तास हाताशी ठेवा. तेवढ्या वेळात बाकीचे तिघं सावकाश उठतील, नाश्ता करतील आणि पियात्सा देल्ला रेपुब्लिका या चौकातल्या जुन्या घोड्यांच्या चक्रावर लेक फेऱ्या मारेल. तिथून दोन गल्ल्या पलीकडे कांस्याचं रानडुक्कर आहे, त्याच्या नाकावरून हात फिरवायला मुलांची रांग असते. तुम्ही बाहेर याल तेव्हा लेक तुम्हाला शोधत नसेल, याची मला खात्री आहे.

आता यादी. नऊ रात्री आणि आठ ठिकाणं हे गणित नकाशावर सुटतं, कारण नकाशात फक्त प्रवासाचे तास दिसतात. रोम ते फ्लोरेन्स वेगवान गाडीने दीड तास, फ्लोरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तास. पण ठिकाण बदलण्याचा दिवस कसा जातो ते आठवा. सकाळी बॅगा भरायच्या, लेकीची हरवलेली बाहुली पलंगाखाली शोधायची, अकराच्या आत खोली सोडायची, स्टेशनवर बसायचं, गाडी, पुन्हा बॅगा, आणि नवी खोली बहुतेक ठिकाणी दुपारी तीनशिवाय मिळत नाही. दोन्ही टोकांना मिळून दिवसाचा चांगला भाग जातो आणि त्यात मूल सगळ्यात जास्त किरकिरतं, कारण त्याची झोपेची वेळ नेमकी फलाटावर येते. ठिकाणं तीनच ठेवा. रोमला चार रात्री, फ्लोरेन्सला तीन, व्हेनिसला दोन. जाताना रोमला उतरा आणि परतीचं विमान व्हेनिसहून घ्या, म्हणजे उलट फेरा पडत नाही.

चिंक्वे तेर्रे, मिलान आणि कोमो यांच्यावर सरळ काट मारा. चिंक्वे तेर्रेची गावं सुंदर आहेत, पण ती चढांची आणि पायऱ्यांची आहेत. सासूबाईंना तिथे खालच्या धक्क्यावर बसवून ठेवावं लागेल. पॉम्पेईवर मात्र तुमच्या यजमानांचं मन असेल, तर त्यांना रोमहून एक दिवस एकट्याला जाऊ द्या. रोमहून नेपल्स तासा-सव्वातासाचं आहे, तिथून लोकल मिळते. सकाळी सातला निघालेला माणूस संध्याकाळी जेवायला परत येतो. सव्वाचार वर्षांच्या मुलीसाठी आणि दुखऱ्या गुडघ्यांसाठी ती जागा कठीण आहे. दगडी रस्ते मोठमोठ्या चिऱ्यांचे, सावली जवळपास नाहीच. तुम्हाला उफीझी, त्यांना पॉम्पेई. तुमच्या प्रश्नाचं माझ्या दृष्टीने हेच मुख्य उत्तर आहे : चौघांनी सतत चौघं राहायचा हट्ट सोडा. प्रत्येक मोठ्या माणसाला एक अर्धा दिवस स्वतःचा द्या, सासूबाईंनासुद्धा. त्यांना चौकातल्या बाकावर बसून माणसं बघायची असतील, तर तोच त्यांचा वेळ.

गाडी भाड्याने घेऊ नका. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले भाग असतात. तिथे कॅमेरे नंबरपाटी टिपतात आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी, तुम्ही ठाण्यात असताना, येते. शिवाय चार वर्षांच्या मुलीला मागे लहान मुलांची खास सीट सक्तीची. आगगाडीत लेक डब्यात चालू शकते, आजीच्या मांडीवर डोकं ठेवू शकते, शौचालयाला जाऊ शकते. चार पूर्ण झाल्यामुळे तिचं तिकीट आता लागेल. मात्र ट्रेनितालिया या रेल्वेची ‘बिंबी ग्रातिस’ नावाची कुटुंबासाठीची सवलत असते, तिच्या अटी तिकीट काढताना बघा. फ्लोरेन्सहून लुक्कासारख्या जवळच्या गावाला प्रादेशिक गाडीने जाल, तेव्हा कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारायला विसरू नका. तिकीट असूनही शिक्का नसल्याने दंड भरणारे कितीतरी प्रवासी असतात.

नातेवाईक म्हणतात तिला आठवणार नाही. बहुधा ते खरं आहे. या वयातलं फारसं काही मोठेपणी उरत नाही, एखादा रंग, एखादा वास राहिला तर राहिला. पण तुमच्या लेकीचं बोरन्हाण केलं होतंत ना? स्वतःचं बोरन्हाण कुणाला आठवतं? बारसं, उष्टावण, जावळ यांतलं काहीही आपल्याला आठवत नाही आणि तरी कुठल्याही आजीने ते वाया गेलं असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. लेकीला न्या. आई-बाबा आणि आजी सलग दहा दिवस तिच्याबरोबर असतील, कुणी लॅपटॉप उघडणार नाही, हे तिला त्या दहा दिवसांत कळणार आहे आणि तेवढं पुरेसं आहे. दहा दिवस तिला माहेरी ठेवून तुम्ही कोलोसिअमसमोर उभ्या राहिलात, तर तुमचं अर्धं लक्ष फोनवर असेल, हे तुमचं पत्र वाचूनच दिसतं.

रोममधले पहिले दोन दिवस तिच्या झोपेवर बांधा. मे महिन्यात आपली घड्याळं त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतात. घरी सातला उठणारी मुलगी तिथे साडेतीनला डोळे उघडेल, फार तर साडेचारला. तिला पुन्हा झोपवण्यात दोन तास घालवू नका. कपडे चढवा आणि बाहेर पडा. सहाच्या सुमाराला त्रेव्ही कारंज्याजवळ तुरळक माणसं असतात. दहानंतर तिथे चार वर्षांच्या मुलीला फक्त लोकांच्या पाठी दिसतात. कॉफीचे बार लवकर उघडतात. लेकीसाठी ‘लात्ते काल्दो’ मागा, गरम दूध मिळतं. लवकर उठण्याचा त्रास वाटेल तो दोन-तीन दिवसांत ओसरतोही, तेव्हा त्याचा फायदा आधी उचलून घ्या.

त्याचं उरलेलं अंग म्हणजे दुपार. एक ते चारच्या मध्ये खोलीवर परत या आणि पडदे ओढून सगळे झोपा. इटलीत हे अगदी शोभून दिसतं. अनेक लहान चर्च दुपारी बंद असतात, बरीच दुकानंही, आणि हॉटेलांची स्वयंपाकघरं अडीच-तीनला बंद होतात ती संध्याकाळी सात-साडेसातलाच उघडतात. तिथली मुलंही दुपारी झोपतात आणि रात्री दहापर्यंत चौकात चेंडू खेळतात. मेच्या अखेरीस रोममध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो. संध्याकाळी पाचला ताजंतवानं मूल घेऊन निघालात, की तुमचा दुसरा दिवस सुरू होतो. तुमची लेक भाषा न येता त्या चेंडूत घुसेल. सासूबाईंना शेजारच्या बाकावर एखादी तिथली आजी भेटेल आणि दोघी आपापल्या भाषेत नातवंडांबद्दल बोलतील. असं होताना मी पाहिलं आहे.

कोलोसिअमचं तिकीट वेळ ठरवून मिळतं आणि त्यावर नाव असतं. अठरा वर्षांखालच्यांना ते फुकट आहे, पण लेकीचंही तिकीट नोंदवावंच लागतं, आणि ओळख पटवायला पासपोर्ट जवळ ठेवा. आत तासभर पुरे. तिला ग्लॅडिएटरांच्या कत्तली सांगत बसू नका. त्यापेक्षा निघण्याआधी ठाण्यातच रोज रात्री रोम्युलस आणि रेमसची गोष्ट सांगा : नदीत सोडलेली दोन बाळं, त्यांना दूध पाजणारी लांडगी, आणि मग त्यातल्या एकाने वसवलेलं शहर. रोममध्ये त्या लांडगीला शोधायचं. कापितोलिन टेकडीवरच्या संग्रहालयात ती कांस्याची आहे, बाहेर खांबावर तिची प्रतिकृती आहे, फुटबॉल संघाच्या शर्टावर ती आहे, गल्लोगल्लीच्या दुकानांत आहे. फ्लोरेन्सला गेलात की भिंतींवरच्या मेदिची घराण्याच्या ढालींवर गोळे मोजायचे. ते प्रत्येक ढालीवर सारखे नसतात, त्यामुळे नुकतंच मोजायला शिकलेलं मूल त्यात रमतं. व्हेनिसला पंखांचा सिंह. दारांवर, झेंड्यांवर, खांबांच्या टोकाला. तुम्ही एखाद्या चर्चचं तोंड बघत उभ्या असाल, तेव्हा तिलाही बघायला काहीतरी असेल.

रोममध्ये रस्त्यारस्त्यावर बिडाचे छोटे नळ वाहत असतात. त्यांना ‘नाझोने’ म्हणतात, म्हणजे मोठं नाक. 1874 पासून ते बसवले गेले, आज अडीच हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याचं, गार आणि फुकट असतं. नळाचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उसळते. एकदा हे दाखवलंत की लेक प्रत्येक नळापाशी थांबेल. थांबू द्या, बाटली भरून घ्या, टोपी ओली करा.

एक दुपार जानिकोलो टेकडीवर घालवा, किंवा खरं तर एक दुपारचा बाराचा ठोका. तिथून रोज बारा वाजता तोफ उडवतात, फक्त आवाजाची. ही प्रथा 1847 मध्ये नवव्या पायस पोपांनी सुरू केली, शहरातल्या चर्चच्या घंटा एकाच वेळी वाजाव्यात म्हणून. या टेकडीवर ती 1904 पासून चालते. आवाज मोठा असतो, लेक दचकणारी असेल तर कडेला न नेता मागे उभं राहा. दुसरी जागा व्हिल्ला बोर्गेझे बाग. झाडांची दाट सावली, तळ्यात वल्ह्याच्या होड्या. व्हॅटिकनची संग्रहालयं मोठ्यांपैकी ज्याला पाहायची असतील त्याने त्याच वेळात पाहून यावीत. तिथली वाट लांब, गर्दीची आणि जवळपास एकाच दिशेने पुढे जाणारी आहे. मध्येच मूल रडलं तर मागे फिरणं अवघड. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथे प्रवेश फुकट असतो, तो दिवस तर मुळीच निवडू नका. सेंट पीटर्स चर्चमध्ये मात्र सगळे जा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सासूबाईंची साडी किंवा पंजाबी ड्रेस चालतो, लेकीच्या बिनबाह्यांच्या फ्रॉकवर एक पातळ ओढणी ठेवा.

लेक घरी चालते, म्हणून बाबागाडी नेऊ नये असं वाटेल. न्या. घडी होणारी, पण चाकं अगदी चिमुकली नसलेली, कारण रोमच्या गल्ल्यांत छोटे काळे दगड बसवलेले आहेत आणि चिमुकली चाकं त्यात अडकतात. चार वर्षांचं मूल दिवसाला तीन-चार किलोमीटर चालल्यावर रस्त्यातच बसतं, आणि मग तिला उचलायचं कुणी यावरून मोठ्यांची भांडणं होतात. रोमच्या बसमध्ये दहा वर्षांखालच्यांना मोठ्यांबरोबर तिकीट नाही. बसमध्ये आणि तेर्मिनी स्टेशनवर पाकीटमारांपासून जपा; त्यांना ठाऊक असतं की बाबागाडी उचलणाऱ्या माणसाचे दोन्ही हात अडकलेले आहेत. पासपोर्ट कपड्याच्या आत ठेवा.

फ्लोरेन्समधल्या तीन रात्रींसाठी हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, आणि घेण्याआधी लिफ्ट आहे का ते लेखी विचारा. जुन्या इमारतींत पुष्कळदा नसते. तिथून एक दिवस लुक्काला जा, गाडीने दीड तासाच्या आत. त्या गावाभोवती चार किलोमीटरहून थोडा लांब जुना तट आहे आणि त्याच्यावर झाडांची रुंद, सपाट वाट. सायकली भाड्याने मिळतात, मुलांना पुढे-मागे बसवायच्याही. वाहनं नाहीत, चढ नाही. सासूबाई तटावरच्या बाकावर, तुम्ही तिघं सायकलवर. मला इटलीतली मुलांसाठीची ही सगळ्यात चांगली जागा वाटते आणि बहुतेक याद्यांत ती नसते. पिसा तिथून गाडीने अर्ध्या तासावर. कलता मनोरा बघा, हिरवळीवर लेकीला पळू द्या, पण वर चढायची तिकिटं काढू नका. आठ वर्षांखालच्या मुलांना वर सोडतच नाहीत.

जेवणाची काळजी तुम्हाला सासूबाईंची जास्त आहे असं दिसतं. अंड्याबद्दल एवढं ध्यानात ठेवा : स्पगेत्ती, पेन्ने असा वाळवलेला पास्ता साधारणपणे गहू आणि पाण्याचा असतो, ताजा पास्ता, तालियातेल्ले वगैरे, अंड्याचा. तिरामिसूत अंडं असतं. मिनेस्त्रोने सूप भाज्यांचं दिसलं तरी मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. तळलेले भाताचे गोळे, सुप्ली आणि आरांचिनी, यांत खूपदा खिमा असतो. पार्मेझान आणि पेकोरिनो चीज वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या विरजणासारख्या द्रव्याने, बनवतात. सासूबाईंना हे चालत नसेल तर त्यांच्यासाठी ‘पिझ्झा मारिनारा’, ज्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो असतं आणि चीज नसतं, आणि टोमॅटोचा साधा पास्ता. लेकीसाठी ‘पास्ता इन ब्यांको’ मागा. यादीत नसला तरी लोणी घालून आनंदाने करून देतात. संध्याकाळी ती सातपर्यंत थांबणार नाही, तेव्हा तुकडा कापून वजनावर विकणारी पिझ्झाची दुकानं उपयोगी पडतात. आणि टस्कनीतल्या, म्हणजे फ्लोरेन्सच्या प्रांतातल्या, पावात मीठ नसतं. तिने तो बाजूला सारला तर ती आजारी आहे असं समजू नका.

स्वयंपाकघर हाताशी असलं की आर्बोरिओ तांदूळ आणा. रिझोत्तोसाठीचा हा तांदूळ जास्त पाण्यात शिजवला की छान मऊ भात होतो. वर घरून नेलेलं मेतकूट. तूप मात्र नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला मनाई आहे. तूप, पेढे, बर्फी, पनीर सगळं त्यात येतं. तिथलं लोणी आणा आणि कढवा. मे महिना आहे, म्हणून हेही सांगते : हापूसही नेता येणार नाही. प्रवाशांना केळी, अननस, नारळ, खजूर आणि दुरिअन एवढीच ताजी फळं प्रमाणपत्राशिवाय नेता येतात. चिवडा, खाकरा, चटण्या न्या.

व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. म्हणून मुक्काम निवडताना किंमतीच्या आधी वाट बघा. रेल्वे स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे लिस्ता दि स्पान्या हा रस्ता जातो. गुल्ये पुलापर्यंत त्यावर एकही पूल चढावा लागत नाही. परिसर गजबजलेला आहे, पण तुमच्यासाठी तोच योग्य. जलबसचा, म्हणजे वापोरेत्तोचा, अठ्ठेचाळीस तासांचा पास तिघा मोठ्यांसाठी घ्या. एकेक फेरी साडेनऊ युरोला पडते. सहा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. पहिल्या क्रमांकाची बोट मोठ्या कालव्यातल्या जवळपास प्रत्येक थांब्यावर थांबते. संध्याकाळी तीत बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जा. सासूबाईंना न चालता सगळं व्हेनिस दिसेल. दुसऱ्या दिवशी बुरानोला, रंगीत घरांच्या बेटावर. काठावर लेकीचा हात धरा, कालव्यांना कठडे नसतात. 2 जून हा तिथला प्रजासत्ताक दिन, सुट्टीचा. त्या सुमाराला व्हेनिसमध्ये असाल तर गाड्यांची तिकिटं आधीच काढा.

ताप आला तर हिरव्या क्रॉसचं औषधाचं दुकान शोधा, रात्रीही पाळीने एखादं उघडं असतं. लहान मुलांचं पॅरासिटामॉल तिथे ‘ताकिपिरिना’ नावाने मिळतं. तरी तुमच्या डॉक्टरांकडून वजनानुसार मात्रा लिहून घ्या आणि नेहमीची औषधं चिठ्ठीसह न्या. तातडीचा क्रमांक 112.

आता लगेच करायचं काम व्हिसाचं. लेकीला स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा व्हिसा लागतो. सहा वर्षांखाली व्हिसाचं शुल्क नाही, बारा वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत, पण जन्माचा दाखला आणि दोन्ही पालकांच्या सह्या हव्यात. चौघांचाही किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा. सहलीच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि मेच्या सुट्टीसाठी भेटीच्या वेळा भराभर संपतात. यजमानांना म्हणावं, यादी खोडण्याआधी ती वेळ घ्या. यादी मग रविवारी चौघं मिळून खोडा.